एक खेळ आणि दोघांचे दोन अभिप्राय

नवव्या इयत्तेच्या मुलांना आम्ही यंदा निबंधासाठी एक निराळा विषय दिला. ‘मला आवडलेले पुस्तक’ ह्या विषयावर दरवर्षी येणारे निबंध तपासताना आम्हांला असा संशय येऊ लागला होता की, त्यांतील निम्मी पुस्तके मुलांनी उघडलेलीही नसावीत; कारण ‘भाषा ओघवती आहे’ आणि ‘व्यक्तिचित्रण प्रभावी आहे’ ही दोन वाक्ये प्रत्येक वहीत ठरल्या जागी येऊन बसत. म्हणून चतुर्थीच्या सुटीत ज्याने जो खेळ खरोखरच खेळला असेल त्या खेळाविषयी त्याने आपला अभिप्राय लिहून आणावा, असे आम्ही सांगितले. मग तो खेळ लगोरी असो, पत्ते असोत, क्रिकेट असो वा संगणकावरचा असो. अट एवढीच घातली की, मत स्वतःचे असावे आणि मतापाठीमागे कारण असावे.

वह्या आल्या, त्यांत दोन अभिप्राय एकाच खेळाविषयी निघाले. खेळाचे नाव ‘पोर्टल टू’. एका मुलाने दोन पाने भरून त्याची स्तुती केली होती : खेळ अत्यंत उत्कृष्ट आहे, त्यात बुद्धीला चालना मिळते, सहकार्याचे महत्त्व कळते, सर्व मुलांनी तो अवश्य खेळावा, इत्यादी. दुसऱ्याने चारच ओळी खरडल्या होत्या : ‘हा खेळ कंटाळवाणा आहे. ह्यात नुसते इकडे जा, तिथे उभा राहा, आता उडी मार, एवढेच करायचे असते. मी दुसऱ्या विभागात सोडून दिला.’ पहिल्याला आम्ही दहांपैकी आठ गुण दिले. दुसऱ्याच्या वहीत ‘कारणे अपुरी’ असा लाल शेरा मारून तीन गुण दिले.

दोन मुलांची मते परस्परविरुद्ध असावीत ह्यात नवल काही नाही. नवल पुढेच होते. हे दोघे तो खेळ एकमेकांबरोबरच खेळले होते. एकाच घरी, एकाच पडद्यासमोर, सुटीतल्या त्याच चार संध्याकाळी. मग एकाच ताटातले जेवण एकाला गोड आणि दुसऱ्याला अळणी कसे लागले? हा प्रश्न आम्हांला काही दिवस सोडीना. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला तो खेळ कसला आहे ह्याची चौकशी करावी लागली, आणि पुढे तर तो स्वतः खेळावा लागला. ज्या पालकांना अशा खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी ती माहिती येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रेडमंड येथे डिजिपेन नावाची, संगणकीय खेळ रचण्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. तेथील काही विद्यार्थ्यांनी 2005 साली अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक लहानसा खेळ तयार केला. भिंतीवर दोन द्वारे उघडायची, एकातून शिरायचे आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचे, ही त्यातली कल्पना होती. त्याच राज्यातील व्हॉल्व्ह ह्या कंपनीने तो खेळ पाहिला आणि त्या विद्यार्थ्यांनाच नोकरीवर घेतले. त्यांच्या हातून 2007 साली ‘पोर्टल’ हा खेळ निर्माण झाला आणि 2011 सालच्या एप्रिल महिन्यात त्याचा मोठा भाऊ शोभावा असा ‘पोर्टल टू’ आला. एका गृहपाठातून एवढा प्रपंच उभा राहिला, ही गोष्ट आमच्या वर्गातील मुलांना आम्ही मुद्दाम दोनदा सांगितली. तिचा परिणाम गृहपाठावर अद्याप दिसलेला नाही.

खेळाचा काळ भविष्यातला आहे. जमिनीखाली खोलवर ‘ॲपर्चर सायन्स’ नावाची एक अवाढव्य काल्पनिक प्रयोगशाळा आहे. तेथील माणसे केव्हाच नाहीशी झाली आहेत आणि सगळा कारभार ग्लॅडॉस नावाच्या एका विचार करणाऱ्या यंत्राच्या हाती आहे. तिला (तिचा आवाज स्त्रीचा आहे, म्हणून ‘तिला’) एकच वेड आहे, ते म्हणजे परीक्षा घेण्याचे. एकामागून एक खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडे. ते सुटले की पुढचे दार उघडते. शाळामास्तरांनी हा खेळ पाहताना जरा जपूनच पाहावा. आपले काही दुर्गुण तिच्यात ओळखीचे वाटतात.

खेळाचे दोन भाग आहेत. एक भाग एकट्याने खेळायचा. दुसरा भाग दोघांनीच खेळायचा, तो एकट्याला खेळताच येत नाही. आमचे दोन विद्यार्थी खेळले तो हाच. ह्यात दोन यंत्रमानव असतात : एक बुटका व वाटोळा, त्याचे नाव ॲटलस, दुसरा उंच व सडपातळ, त्याचे नाव पी-बॉडी. दोघांच्या हातांत बंदुकीसारखे दिसणारे एकेक यंत्र असते, पण त्यातून गोळी सुटत नाही. ते पांढऱ्या भिंतीवर रोखून कळ दाबली की तेथे एक लंबवर्तुळाकार द्वार उघडते, आणि दुसऱ्या भिंतीवर रोखले की त्याच्या जोडीचे दुसरे. प्रत्येकाला एक जोडी. म्हणजे दोघांत मिळून द्वारे चार. काळ्या धातूच्या भिंतींवर मात्र द्वार उघडत नाही.

आता एक साधे कोडे पाहू. समोर बंद दार आहे. ते उघडणारे बटण दूर जमिनीत बसविलेले आहे आणि त्यावर कोणी उभा असेल तोवरच दार उघडे राहते. एक जण बटणावर उभा राहिला तर दुसरा दारातून आत जाईल, पण मग बटणावरच्याने आत कसे यावे? पाय उचलला की दार बंद. उपाय असा की, आत जाणाऱ्याने जाण्यापूर्वी बटणाशेजारच्या भिंतीवर आपले एक द्वार उघडून ठेवावे आणि आत गेल्यावर दुसरे उघडावे. मग बटणावरच्याने खुशाल पाय उचलावा आणि शेजारच्या द्वारातून आत यावे. वाचताना हे सोपे वाटते. परंतु काही दारांत प्रकाशाची एक जाळी असते. तिच्यातून जो जाईल त्याची द्वारे मिटून जातात. तेव्हा हा उपाय चालत नाही आणि दोघांना पुन्हा विचारास बसावे लागते.

ह्याहून गमतीची गोष्ट वेगाची. द्वारातून जाताना वस्तूचा वेग जेवढा असेल तेवढाच कायम राहतो. दिशा मात्र बदलते. समजा, खोल खड्ड्याच्या तळाशी एक द्वार आहे आणि त्याच्या जोडीचे द्वार उंच भिंतीवर आहे. खड्ड्यात उडी घेतली तर खाली पडताना आलेला सगळा वेग घेऊन आपण त्या भिंतीतून आडवे बाहेर फेकले जातो आणि पलीकडची दरी ओलांडतो. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी बजावले आहे की, प्रत्यक्ष सृष्टीत असली द्वारे शक्य नाहीत. छतावर एक आणि त्याच्या खाली जमिनीवर एक उघडले तर पडणारी वस्तू पडतच राहील आणि फुकटची ऊर्जा मिळत जाईल. त्यांचा आक्षेप येथे नोंदवून आम्ही पुढे जातो.

चुकले तर यंत्रमानव फुटतो, आणि दुसऱ्याच क्षणी नवा होऊन वरच्या नळीतून खाली पडतो. मरणाची किंमत काहीच नाही. त्यामुळे हे खेळ म्हणजे मारामारी आणि रक्तपात, अशी जी आम्हां मोठ्या माणसांची समजूत असते ती येथे लागू पडत नाही. अमेरिकेतील वर्गीकरण-मंडळाने हा खेळ दहा वर्षे व त्यावरील मुलांसाठी योग्य ठरविला आहे.

असो. आता जगातील खेळाडूंनी ह्या खेळाविषयी काय म्हटले ते पाहू. कारण आमच्या दोन वह्यांचे कोडे उलगडण्यास त्याचा बराच उपयोग झाला.

2011 साली खेळ बाहेर पडला तेव्हा वृत्तपत्रे व नियतकालिके यांतील समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला शंभरांपैकी सुमारे 95 गुण मिळाले. परंतु त्याच ठिकाणी सामान्य खेळाडूंनाही गुण देण्याची सोय आहे, आणि पहिल्याच दिवशी तेथे रागावलेल्या खेळाडूंची रीघ लागली. कोणी म्हणाले, खेळ फार लवकर संपतो. कोणी म्हणाले, हा संगणकासाठी केलेलाच नाही, दूरचित्रवाणीला जोडायच्या यंत्रासाठी केलेला आमच्या माथी मारला आहे. सर्वांत मोठा राग होता तो टोप्यांचा. दोघांच्या भागातील यंत्रमानवांना घालायला टोप्या, अंगावरची रंगीत नक्षी आणि काही हावभाव कंपनीने निराळे पैसे घेऊन विकायला ठेवले होते. ज्या दिवशी खेळ विकत घेतला त्याच दिवशी टोपीसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागावा, हे पुष्कळांना रुचले नाही, आणि त्यांनी अगदी खालचे गुण देऊन तो राग व्यक्त केला.

हा राग खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. टोपीवाचून खेळ अडत नसला तरी दुकानदाराच्या वृत्तीविषयी बोलण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. परंतु ते अभिप्राय बहुतांशी विक्रीविषयी होते. कोड्यांविषयी त्यांत फारसे नव्हते. एवढ्या घाईने मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी दोघांचा भाग पुरा खेळला असेल ह्याचीही शंकाच आहे. जसजसे लोक शांतपणे खेळत गेले तसतसे मत पालटत गेले. आज इतक्या वर्षांनंतरही तो खेळला जातो आणि खेळणाऱ्यांचे मत बहुतांशी स्तुतीचेच असते. 2022 साली तो निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावरही आला. टोप्यांचा उल्लेख आता क्वचितच कोणी करतो.

शांतपणे खेळलेल्यांच्याही तक्रारी आहेत, आणि त्या अधिक मोलाच्या आहेत. त्यांतली एक अशी की, दुसऱ्या खेळात खोल्या भव्य झाल्या पण पांढऱ्या भिंती थोड्या राहिल्या. विशेषतः एकट्याने खेळायच्या भागात मध्यंतरी जुन्या, ओसाड प्रयोगशाळेतून वर यावे लागते, तेथे ‘काय करावे’ ह्या विचारापेक्षा ‘पांढरा तुकडा कोठे आहे’ हे शोधण्यातच वेळ जातो. ही तक्रार आम्हांला पटली. वाण्याच्या दुकानात उभे राहून जिऱ्याचा डबा कोठे आहे हे शोधणे आणि स्वयंपाक करणे ह्यांत जो फरक आहे तोच येथे आहे. अर्थात प्रत्येक भिंत पांढरी असती तर नवशिका गोंधळून गेला असता, हेही खरे.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. कोडे एकदा सुटले की संपले. दुसऱ्यांदा त्याच खोलीत गेल्यावर ती खोली फक्त एक वाट असते. कंपनीने 2012 साली खेळाडूंना स्वतःच खोल्या रचता येतील असे साधन दिले आणि त्यामुळे नवी कोडी मिळत राहिली. परंतु मूळ खोल्यांचे पहिलेपण कोणालाच परत मिळत नाही. आणि जेव्हा दोघांपैकी एकाला उत्तर ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते, तेव्हा काय होते? ह्याविषयी अनुभवी खेळाडू जवळजवळ एकमुखाने सांगतात : हा खेळ दोघेही नवखे असताना खेळावा. जाणकार जोडीदार पुढे धावतो, भराभर द्वारे उघडतो, ‘येथे उभा राहा’ म्हणून खुणावतो आणि बिचारा नवखा खोलीमागून खोली पार करीत जातो, पण एकही खोली त्याची होत नाही.

हे वाचले तेव्हा आम्हांला त्या चार ओळींची आठवण झाली. ‘इकडे जा, तिथे उभा राहा, आता उडी मार.’ आम्ही ते खेळाचे वर्णन समजलो होतो. ती तर त्या मुलाला मिळालेली आज्ञापत्रे होती!

मधल्या सुटीत आम्ही दोघांना बोलावले. आमचा तर्क खरा निघाला. स्तुती करणाऱ्याने सुटीपूर्वीच दुसऱ्यांनी खेळलेला सबंध खेळ चित्रफितींतून पाहून ठेवला होता. आम्ही त्याला विचारले, “अरे, मग तू त्याला सगळे सांगत का बसलास?”

“सर, तो अडू नये म्हणून,” तो म्हणाला. “तो अडला की मलाच कसेतरी व्हायचे.”

दुसरा खाली पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मी शोधीपर्यंत हा थांबतच नव्हता, सर. मग मी म्हटले, जाऊ दे.”

हे दोघे पाचवीपासून एका बाकावर बसणारे. सुटीनंतर ते निरनिराळ्या बाकांवर बसत होते, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. ह्या गोष्टीचे खापर सर्वस्वी खेळावर फोडता येईल असे आम्हांला वाटत नाही. परंतु ज्याला आपण मदत समजतो तिने समोरच्याला किती लहान करून टाकलेले असते, ह्याची त्या पहिल्या मुलाला कल्पनाच नव्हती. आमचीही स्थिती फारशी निराळी नाही. फळ्यावर उदाहरण लिहून, दहा सेकंद वर्गाकडे पाहून, उत्तर स्वतःच सांगून टाकण्याची सवय आम्हांला आहे. तास संपत आलेला असतो, एवढेच आमचे समर्थन.

आमच्या लहानपणी ओसरीवर बसून आजी हुमाणे घालीत असे. तिचा नियम कडक होता. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असेल त्याने बोट वर करायचे आणि गप्प बसायचे. तो फुटला तर पुढच्या हुमाणाला तो बाद. आम्हांला त्या वेळी ह्या नियमाचा फार राग येई. ठाऊक असून बोलायचे नाही म्हणजे काय? ‘पोर्टल टू’ रचणाऱ्यांनाही अशाच एखाद्या नियमाची गरज भासली असावी. खेळात काही विशिष्ट गोष्टी साधल्या की नावानिशी मान मिळतो. त्यांतील एकाचे नाव आहे ‘प्रोफेसर पोर्टल’. तो कोणाला मिळतो? ज्याने दोघांचा भाग आधी पुरा केला आहे आणि त्यानंतर, पूर्वी कधीच न खेळलेल्या मित्राला सोबत घेऊन जो अगदी आरंभीच्या, शिकाऊ खोल्या पुन्हा पार करतो, त्याला. म्हणजे सगळे येणाऱ्याने पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे. मान ठेवला आहे तो ह्याला. आता तेथेही जाणकाराने सगळे सांगून टाकले तर त्याला अडविणारे कोणी नाही, हा त्या योजनेतील दोष आम्हांला दिसतो. आजी तेथे नाही.

खेळ रचणाऱ्यांचा आणखी एक निर्णय आम्हांला उद्‌बोधक वाटला. आरंभी त्यांनी खेळाडूंना एकमेकांविरुद्ध लढविणारा एक चेंडूचा प्रकारही करून पाहिला होता. पण द्वारांमुळे त्यात नुसता गोंधळ माजू लागला, आणि दोघांनी मिळून कोडे सोडविण्यातच खरी गोडी आहे असे आढळल्यावर तो प्रकार त्यांनी टाकून दिला. चढाओढीचे काम त्यांनी ग्लॅडॉसकडे सोपविले आहे. ती दोघा यंत्रमानवांना गुण देते आणि विनाकारण कापतेही. एकाची स्तुती करते, ती दुसऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने. जोडीदारावर विश्वास ठेवू नका असे सुचविते. त्या गुणांचा कशालाही उपयोग नसतो. तरीसुद्धा, आमच्या एका विद्यार्थिनीने सांगितले की, आपले गुण कापले गेले म्हणून तिला खरोखरच वाईट वाटले होते.

ही विद्यार्थिनी आठवीतली. वर्गातील चर्चा ऐकून ती आपण होऊन आमच्याकडे आली. तिचा थोरला भाऊ बेळगावला शिकतो. दोघांनी आपापल्या ठिकाणी बसून इंटरनेटवरून हा खेळ सुरू केला, दोघेही अगदी नवखे. पहिल्याच दिवशी तिच्या संगणकाचा मायक्रोफोन बिघडला. तेव्हा बोलणे बंद. उरली ती फक्त खूण. ह्या खेळात जोडीदाराला कोणत्याही भिंतीवर वा जमिनीवर खूण करून दाखविता येते, की येथे पाहा, येथे उभा राहा, येथे द्वार उघड. दोघांनी एकाच क्षणी काही करायचे असेल तर तीन, दोन, एक असे आकडे मोजणारे घड्याळही लावता येते. शिवाय जोडीदाराला काय दिसत आहे तेही आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात पाहता येते.

“सर, आम्ही एरवी फोनवर बोलतो तेव्हा दादा सारखा मला शिकवीत असतो,” ती म्हणाली. “खेळात तो नुसती खूण करायचा आणि थांबायचा. मी उलटी खूण केली की तोही ऐकायचा.”

घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि खेळातली ग्लॅडॉस इंग्रजी बोलणारी, अशा त्रिवेणीत आमची मुले खेळतात. ह्या तिन्हींपैकी एकही नसलेली ती खुणांची भाषा ह्या भावंडांना पुरली. तिचा अभिप्राय आम्ही लिहून घेतला. त्यात स्तुती आहेच, पण एक अडचणही तिने नेमकी दाखविली आहे : ‘येथे पाहा’ अशी खूण करता येते, पण ‘का पाहा’ हे खुणेने सांगता येत नाही, म्हणून पुष्कळदा आम्ही दोघे एकाच भिंतीकडे पाहत निरनिराळा विचार करीत उभे असू. समीक्षकांच्या लेखांत आम्हांला एवढे नेमके वाक्य आढळले नाही.

एवढे झाल्यावर आम्ही स्वतः खेळून पाहण्याचे ठरविले. जोडीदार म्हणून घेतला तो सगळे ठाऊक असलेला पहिला मुलगा. अट अशी की, त्याने एक शब्दही उच्चारायचा नाही आणि खूणही करायची नाही. आम्ही सांगू तेवढेच करायचे. तो ती अट पाळतो की नाही हे पाहण्यासाठी दुसऱ्याला पाठीमागे खुर्चीवर बसविले. पहिल्या मुलाच्या मामांच्या घरी तीन शनिवार हा कार्यक्रम चालला. मामींनी चहा आणि गोडशेव पुरविली, त्याचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करतो.

पहिल्या शनिवारी आम्हांला चालणेही जमेना. कंट्रोलरच्या एका काडीने चालायचे आणि दुसरीने पाहायचे, ह्यात आमची मान छताकडेच राही. दुसऱ्या शनिवारी बरे जमले. तिसऱ्या शनिवारी आम्ही तिसऱ्या विभागात पोहोचलो. येथवर दुसरा मुलगा कधी आलेलाच नव्हता, म्हणजे पाठीमागच्या खुर्चीवर आता आमच्याइतकाच नवखा माणूस बसला होता.

ह्या विभागात प्रकाशाचे पूल असतात. भिंतीतून निळसर प्रकाशाची एक फळी सरळ निघते आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकते. तिच्यावरून चालता येते. ती जेथे टेकते तेथे द्वार उघडले तर ती त्यात शिरून जोडीच्या द्वारातून पुढे निघते, म्हणजे पूल आपल्याला हवा तेथे नेता येतो. त्या खोलीत आमच्या यंत्रमानवाला वेगाने उडत जाऊन एका उंच कट्ट्यावर उतरायचे होते. पण वेग इतका की, आम्ही दर वेळी कट्टा ओलांडून पलीकडे कोसळत होतो. आम्ही जोडीदाराला पूल कट्ट्याच्या पुढे आडवा टाकायला सांगितला, कट्ट्याच्या खाली टाकायला सांगितला, मागे टाकायला सांगितला. अकरा वेळा आमचे तुकडे झाले. अर्धा तास होऊन गेला. पहिल्या मुलाने डाव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला होता आणि त्याचे डोळे पाणावले होते. हसण्याने की कसल्या यातनेने, हे आम्ही विचारले नाही. पण तो बोलला नाही.

तेव्हा पाठीमागून आवाज आला, “सर, पूल पायांखालीच असायला हवा का?”

आम्ही वळून पाहिले. त्याला उत्तर ठाऊक नव्हते. तो खरोखरच विचारीत होता. तो उठून पडद्याजवळ आला आणि जमिनीवरच्या एका पांढऱ्या चौकोनाकडे पाहत म्हणाला, “इथे द्वार उघडले तर पूल सरळ वर जाईल ना? मग ती भिंतच झाली.”

पूल उभा केला तर भिंत होते! उडत येणारा तिच्यावर आपटेल, त्याचा वेग तेथेच संपेल आणि तो खालच्या कट्ट्यावर पडेल. आम्ही आमचा कंट्रोलर त्याच्या हाती दिला. त्याने भिंतीकडे खूण केली, मग जमिनीकडे केली, आणि वळून शेजारच्याकडे पाहिले. शेजारच्याने तोंडावरचा हात काढला आणि सांगितले तेथे, सांगितले तेव्हा, द्वारे उघडली. पहिली उडी चुकली. दुसरी साधली. त्यानंतर आम्हांला खेळावयास मिळाले नाही. दोघे काळोख होईपर्यंत खेळत बसले आणि आम्ही मामांशी पावसाविषयी बोलत राहिलो.

पुढल्या आठवड्यात दुसऱ्या मुलाने, कोणी मागितला नसताना, एक नवा अभिप्राय आणून दिला. दीड पान आहे. त्यात पांढऱ्या भिंतींची तक्रार त्याने आपल्या परीने केली आहे, ग्लॅडॉस फार भरभर बोलते असे म्हटले आहे, प्रकाशाच्या पुलाविषयी एक सबंध परिच्छेद लिहिला आहे, आणि अखेरीस खेळातील उणिवा ह्या मथळ्याखाली तिसऱ्या क्रमांकावर असे नमूद केले आहे की, सरांना उडी मारायला वेळ फार लागतो.